आल्प्समध्ये पायी पायी: अमळनेर ते ग्रिंडेलवाल्ड (अनुभव, खर्च, चुका)

बोरीकाठचा मास्तर | १४ ऑगस्ट, रात्री ९:१०

राम राम मंडळी.

एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर हिमनदीची दरी काढायचो. इंग्रजी यू अक्षरासारखी, दोन्ही बाजू उभ्या, तळ सपाट, आणि कड्यावर मध्येच तुटलेली लोंबती दरी, तिच्यातून पडणारा धबधबा. खडूच्या चार रेघा मारल्या की झालं. दरवर्षी एखादं पोरगं विचारायचंच, "सर, तुम्ही पाहिली का?" मी म्हणायचो, "परीक्षेला येते, तू काढ."

यंदा निवृत्तीनंतर जुलैत स्वित्झर्लंडला गेलो. लाउटरब्रुनेनच्या स्टेशनातून बाहेर पडलो तर माझा फळाच समोर उभा. त्याच उभ्या भिंती, तोच सपाट तळ, आणि डाव्या-उजव्या कड्यांवरून सुटलेल्या पाण्याच्या दोऱ्या. श्टाउबबाख धबधबा २९७ मीटर उंचीवरून सुटतो, पण खाली पोचेपर्यंत त्याचं पाणी राहत नाही, धूर होतो. मी तिथेच उभा राहून सौ.ला म्हणालो, "ही बघ लोंबती दरी. मोठ्या हिमनदीने खालची दरी खोल कोरली, बाजूची छोटी हिमनदी मागे पडली, ती वरच लटकून राहिली." ती म्हणाली, "आधी छत्री उघडा."

तर हा धागा त्या आठ दिवसांबद्दल. आपल्याकडून हल्ली बरेच जण युरोपला जातात. दहा दिवसांत सात देश, बस, फोटो, बर्फात पाच मिनिटं, परत बस. त्याला मी नावं ठेवत नाही, आमच्या शेजाऱ्यांना ते फार आवडलं. पण आम्ही ठरवलं की एकच दरी धरायची आणि जमेल तेवढं पायी फिरायचं. मी ५८, सौ. ५५. दोघांनाही साखर नाही, मला डावा गुडघा आहे.

मुक्काम ग्रिंडेलवाल्डला, स्वयंपाकघर असलेल्या दोन खोल्या. झुरिक विमानतळावरून रेल्वेने इंटरलाकेन ओस्टमार्गे तीन तासांत पोचलो. गावाची उंची १०३४ मीटर. आपलं तोरणमाळ साडेअकराशेच्या आसपास आहे, म्हणजे आम्ही राहत होतो ते गाव तोरणमाळपेक्षा खाली! पण अक्षांश ४६ च्या पुढे, आपला २१. आणि खिडकी उघडली की समोर आयगर, ३९६७ मीटर. गावापासून सरळ वर जवळजवळ तीन हजार मीटरचा डोंगर. पहिल्या सकाळी चहा गार होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत होतो.

पायी काय काय केलं ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट ते बाखआल्पसे. पाळण्याने (गोंडोला) २१६८ मीटरवरच्या फर्स्टला जायचं आणि तिथून २२६५ मीटरवरच्या तळ्यापर्यंत चालायचं. जाऊन-येऊन सहा किलोमीटर. वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद. पाणी स्थिर असलं की तळ्यात श्रेकहॉर्नचा डोंगर उलटा दिसतो. आम्ही साडेआठला पोचलो म्हणून दिसला. दहानंतर वारा सुटतो, गर्दीही होते. वाटेत कुणीतरी शिट्टी मारतंय असं वाटलं. मागे बघतो तर मार्मोट, मांजराएवढी गुबगुबीत खार म्हणा, बिळाच्या तोंडाशी उभी राहून बाकीच्यांना सावध करत होती.

तिसऱ्या दिवशी पाऊस. म्हणून लाउटरब्रुनेन आणि ट्र्युमेलबाख. हे पावसाळी दिवसासाठीच राखून ठेवा. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली येतं, दहा धबधबे, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. आत लिफ्टने जायचं, मग कातळात कोरलेल्या जिन्यांनी वरखाली. पाण्याचा आवाज कानात नाही, छातीत ऐकू येतो. आमच्या गल्लीत नळाला चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे सौ. तिथे बराच वेळ काही बोलली नाही.

चौथ्या दिवशी मॅनलिखेन ते क्लाइने शायडेग. साडेचार किलोमीटर, बहुतेक उतार, आणि समोर तिन्ही शिखरं सगळा वेळ. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकच वाट करायची असेल तर हीच करावी. पाटीवर दीड तास लिहिलाय, आम्हाला सव्वादोन लागले.

या पाट्यांबद्दल थोडं. पिवळ्या पाट्या असतात, त्यांवर गावाचं नाव आणि पुढे वेळ. किलोमीटर नाही. ताशी ४.२ किलोमीटरचा सपाटीवरचा वेग धरून, चढ-उतार मोजून ती वेळ काढलेली असते, आणि विश्रांती तिच्यात धरलेली नसते. मला ही पद्धत फार पटली. डोंगरात अंतर विचारून काय करायचं? आपल्याकडेही खेड्यात माणूस "दोन बिड्या ओढशील तवर" असंच सांगायचा.

पाचवा दिवस गावातच. हिमनदीने कोरलेली घळ पाहिली. १८५० च्या सुमारास खालची ग्रिंडेलवाल्ड हिमनदी गावाच्या तळाशी येऊन टेकलेली होती, तेव्हाची चित्रं आहेत. आता ती एवढी मागे हटली आहे की गावातून शोधावी लागते. वर्गात मी हिमोढ शिकवायचो, हिमनदीने आणून टाकलेला दगडगोट्यांचा ढीग. इथे नुसते हिमोढ उरलेत, टाकणारी गेली. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा एक दशांश बर्फ गेला.

सहाव्या दिवशी आयगर ट्रेल. आयगरग्लेचर (२३२० मीटर) ते आल्पिगलेन (१६१६ मीटर), सहा किलोमीटर, उत्तर भिंतीच्या अगदी पायाशी. ही भिंत अठराशे मीटर उभी आहे, १९३८ साली ती पहिल्यांदा चढली गेली. मान वर करून बघताना टोपी पडते.

सातव्या दिवशी विश्रांती. आठव्या दिवशी परत.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देतो.


केळीवाला रावेर | १४ ऑगस्ट, रात्री ९:४८

मास्तर, लिखाण एक नंबर. आता मुद्द्याचं बोला. खर्च किती? आणि आम्ही केळी घेऊन गेलो तर विमानतळावर काढून घेतील का? (हसू नका, माझे काका दुबईला घड घेऊन गेले होते.)


शेवभाजी जळगाव | १४ ऑगस्ट, रात्री १०:०५

सर, खूप छान. आम्ही पुढच्या वर्षी सासू-सासऱ्यांना घेऊन जायचं म्हणतोय. सासरे माळकरी आहेत, कांदा-लसूण चालतो पण अंडंसुद्धा नाही. तिथे त्यांनी काय खायचं?


बोरीकाठचा मास्तर | १५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

केळीवाले भाऊ, हिशोब माझ्या वहीतून देतो. दोघांचं विमान एक लाख चोवीस हजार. व्हिसा आणि विमा मिळून तीसेक हजार. खोल्यांचे ११२० फ्रँक. तिथली रेल्वे आणि पाळणे दोघांचे सातशे फ्रँक. खाणं तीनशे फ्रँक, कारण रोज घरीच रांधलं. फ्रँक शंभर रुपयांच्या वर आहे. किरकोळ धरून चार लाखांच्या जरा पुढे गेलं. खान्देश एक्सप्रेसचं तिकीट यात धरलेलं नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. सगळे जण स्विस ट्रॅव्हल पास घ्या म्हणतात. देशभर फिरणार असाल तर तो बरोबर. पण एकाच दरीत राहणार असाल तर हाफ फेअर कार्ड बघा. ते महिनाभर चालतं आणि रेल्वे व बहुतेक पाळणे निम्म्या भाड्यात मिळतात. युंगफ्राउ भागाचा वेगळा तीन ते आठ दिवसांचा पासही असतो. रोज वर-खाली करणार असाल तर तो परवडतो. कागदावर बेरीज करूनच ठरवा.

केळ्यांचं उत्तर ऐकून खूश व्हाल. बाहेरून ताजी फळं-भाज्या न्यायला वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, पण केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे. म्हणजे आंबा अडकेल, रावेरचं केळं सुटेल. मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र बंद. म्हणून तूप घरी ठेवा.

ताई, माळकरी माणसाचा प्रश्न फार योग्य विचारला. तिथे "शाकाहारी" म्हणून चीज पुढे येतं, पण ग्रुयेरसारखं पारंपरिक चीज विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. आणि फाँड्यूत वाइन असते. सासऱ्यांना हे आधी सांगा, नंतर कळलं तर वाईट वाटेल. र्‍योस्टी म्हणजे बटाट्याच्या किसाचं जाड थालीपीठ, ते चालेल, फक्त वर अंडं आणि मांसाचे तुकडे नको म्हणून सांगायचं. आम्ही कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, बिबडे आणि मुगाची डाळ नेली. दुकानं संध्याकाळी लवकर मिटतात, रविवारी तर बरीच बंदच, त्यामुळे भाजी शनिवारी भरून ठेवायची.


अस्तंभा१३२५ | १५ ऑगस्ट, सकाळी ८:०२

मास्तर, भू भारी लिखं. पन एक सांगू का? आपला सातपुडा काय कमी शे?

चार लाखात तळोद्यापासून तोरणमाळपर्यंत अख्खं गाव फिरून येईल. तोरणमाळ तुमच्या त्या गावापेक्षा उंच आहे, तुम्हीच लिहिलंय. अस्तंभा त्याहून उंच. दिवाळीत धनत्रयोदशीला आमची पोरं रात्रभर चालून वर जातात, काही तर अनवाणी. तिथे पाळणा नाही, पाटी नाही, र्‍योस्टी नाही. आपल्याच डोंगराकडे आपण पाठ फिरवायची आणि बाहेरच्याला डोक्यावर घ्यायचं, हे मला पटत नाही. राग नसावा.


बोरीकाठचा मास्तर | १५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

राग कसला. तुमच्या अस्तंभ्याला मी १९९४ साली गेलो होतो आणि उतरताना चप्पल तुटली होती.

पण डोंगराची डोंगराशी तुलना लावू नका, दोघांचं कूळ वेगळं. आपला सातपुडा म्हणजे दोन्ही अंगांची जमीन खचली आणि मधला ठोकळा उभा राहिला. तापी त्या खचदरीतून वाहते, म्हणून तर ती बाकीच्या नद्यांसारखी पूर्वेला न जाता पश्चिमेला जाते. वरचा खडक लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थरावर थर. आल्प्स म्हणजे वळ्या. आफ्रिकेकडून रेटा आला, मध्ये समुद्राचा तळ होता तो चुरगळून वर आला. आयगरची भिंत चुनखडीची आहे, म्हणजे कधीकाळी समुद्रातल्या शिंपल्यांची. मी भिंतीला हात लावला तेव्हा हेच डोक्यात होतं. सौ. म्हणाली, "लोक बघताहेत."

वाटेवरच्या पाट्यांबद्दल मात्र मी ठाम आहे. त्या देशात चालायच्या खुणा केलेल्या वाटा ६५ हजार किलोमीटर आहेत. माझ्यासारखा पन्नाशी उलटलेला, भाषा न येणारा माणूस कुणालाही न विचारता दिवसभर डोंगरात फिरून संध्याकाळी घरी येतो. आपल्याकडे सातपुड्यात मी एकट्याने हे करणार नाही.


अस्तंभा१३२५ | १५ ऑगस्ट, सकाळी ९:५१

एकट्याने करूच नका! पाड्यावरचा माणूस सोबत घ्या. त्याला दिवसाची मजुरी मिळते, तुम्हाला वाट मिळते, आणि वाटेत कुठल्या झाडाला काय म्हणतात तेही कळतं. तुमची पिवळी पाटी महुआचं झाड कुठलं ते सांगेल का?


धुळेकर झुरिक | १५ ऑगस्ट, दुपारी १:१५

मी मूळचा धुळ्याचा, देवपुरातला. नऊ वर्षं इथे आहे. मास्तरांचं लिखाण वाचून बरं वाटलं, पण चार गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण दर उन्हाळ्यात ओळखीतलं कुणीतरी अडकतं.

पहिलं म्हणजे खुणांचे रंग. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट, बूट धड असले की पुरे. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट. तिथे उंचीची भीती असणाऱ्याने विचार करावा, घोट्यापर्यंतचे बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर मागे फिरा. ते दोर, बर्फ, कातळ यांचं काम आहे. वाटांना टी १ (सोपी) ते टी ६ (सगळ्यात अवघड) अशी श्रेणीही देतात. पहिल्यांदा येणाऱ्याने टी २ च्या पुढे जाऊ नये असं माझं मत.

दुसरं, महिना. मे महिन्यात आपल्याकडे शाळेला सुट्टी म्हणून सगळे मेमध्ये येतात. भुसावळच्या ४५ अंशांतून निघालेल्याला इथला मे स्वर्ग वाटतो, पण वरच्या वाटा तेव्हा बर्फाखाली असतात, काही पाळणे बंद असतात. चालायचं असेल तर जूनचा उत्तरार्ध ते सप्टेंबर. जूनमध्येही सावलीच्या बाजूला जुन्या बर्फाचे पट्टे वाटेवर आडवे पडलेले असतात. वरून घट्ट, खालून पोकळ. त्यांवर पाय टाकून फोटो काढू नका.

तिसरं, वीज. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग फार पटकन चढतात. सकाळी निघा, दोनच्या आत खाली या. दर हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात हे मास्तरांना सांगायला नको. गावात २४ असताना वर वाऱ्यात स्वेटर लागतो. आणि सुती कपडे नकोत. ओले झाले की अंगाला गार चिकटतात, वाळत नाहीत.

चौथं गाईंबद्दल. हे कुणी सांगत नाही. वाटा गायरानातून जातात. गळ्यात घंटा बघून आपल्याकडच्यासारखं पाठीवर हात फिरवायला जातात लोक. वासरू सोबत असलेली गाय इथे अंगावर येते. लांबून वळसा घाला.

अडचण आली तर १४१४, तो हेलिकॉप्टर बचाव सेवेचा नंबर आहे, किंवा ११२. पण हेलिकॉप्टर फुकट नसतं. शेंगेनच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक) व्हिसाला किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. मात्र त्यात डोंगरातला बचाव धरलाय का, किती उंचीपर्यंत, हे बारीक अक्षरात वाचा.


पाटणादेवीची पोर | १५ ऑगस्ट, दुपारी ३:४०

मी चाळीसगावची. पाटणादेवी, केदारकुंड, पितळखोरा हे सगळं लहानपणापासून पायाखालचं. सप्टेंबरमध्ये कामासाठी जर्मनीला जातेय, चार दिवस सुट्टी मिळेल. एकटीने ग्रिंडेलवाल्डला चालायला जाणं ठीक आहे का? घरचे "एकटी?" म्हणून डोळे मोठे करतात.


धुळेकर झुरिक | १५ ऑगस्ट, दुपारी ४:०६

ताई, बिनधास्त ये. आमच्या शेजारच्या आजी एकट्या फिरतात. राहत्या ठिकाणी रोज सांगून जा की कुठली वाट, किती वाजता परत. फोन चार्ज. आणि वाटेत समोरून येणारा प्रत्येक जण तुला "ग्रुएसेख" म्हणेल, म्हणजे रामराम. उत्तर दे, नाहीतर त्यांना चुकल्यासारखं वाटतं. झुरिककडे हेच "ग्र्युएत्सी" होतं, बर्नच्या डोंगरात ग्रुएसेख. अहिराणी आणि लेवा बोलीएवढाच फरक समज.

तुझे पाय तयार असतील तर शिनिगे प्लाटे ते फर्स्ट कर. पंधरा-सोळा किलोमीटर, सहा तास. वाटेत २६८१ मीटरवर फाउलहॉर्न लागतो. पण हवामान पक्कं असेल तरच, आणि शेवटच्या पाळण्याची वेळ आधी बघून.


बोरीकाठची मास्तरीण | १५ ऑगस्ट, रात्री ८:३०

नमस्कार. मी या धाग्यातली "सौ." पोराने खातं उघडून दिलं. मास्तरांनी सगळं खरं लिहिलंय, फक्त सहाव्या आणि सातव्या दिवशी त्यांची लेखणी एकदम आटोपती झाली. ते मी लिहिते.

आयगर ट्रेलच्या पाटीवर दोन तास लिहिलं होतं. मास्तर म्हणाले, "सगळा उतारच आहे, दीड तासात उतरू." मॅनलिखेनला पाटीपेक्षा पाऊण तास जास्त लागला होता, तो हिशोब हा माणूस विसरला. पहिला अर्धा तास पोराटोरांसारखे टणाटण उड्या मारत उतरले. बारीक खडी, पाय घसरतो, ब्रेक सगळा गुडघ्यावर. काठ्या घ्या म्हणून मी दुकानात सांगितलं तर म्हणाले, "काठी म्हाताऱ्यांना." मध्यावर आले आणि खडकावर बसले. डावा गुडघा पोळीसारखा फुगला.

मागून एक आजी आल्या, आमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या. दोन काठ्या होत्या, त्यांतली एक काढून मास्तरांच्या हातात दिली आणि स्वतः एका काठीने आमच्या पुढे चालू लागल्या. नागमोडी कसं उतरायचं, पाऊल आडवं कसं टाकायचं, हे त्या करून दाखवत होत्या. भाषा एकमेकींची शून्य. आल्पिगलेनला पोचायला साडेतीन तास लागले. तिथे हौदाला गार पाणी होतं, मास्तर त्यात पाय सोडून बसले. काठी परत घेताना आजींनी मास्तरांकडे असं बघितलं की शाळेतली आठवण झाली असेल.

आता सातवा दिवस. "विश्रांती" लिहिलंय, ती कुणाची ते नाही लिहिलं. मास्तर गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले होते. युंगफ्राउयोख, म्हणजे रेल्वेने जायचं ते डोंगरावरचं उंच स्टेशन, पूर्ण भाड्याने माणशी दोनशे फ्रँकांच्या वर म्हणून आमच्या यादीतून त्यांनी खोडलं होतं. मी म्हटलं, कार्डावर निम्मं पडतं, तुमचं तिकीट नाहीच, म्हणजे मी एकटी गेले तर घरचा खर्च तेवढाच. आणि निघाले. अमळनेरहून जळगावला एकटी जायची तरी मला चार फोन येतात.

या रेल्वेचं काम १८९६ ला सुरू करून १९१२ ला ती वरपर्यंत नेली. शेवटचे सात किलोमीटर डोंगराच्या पोटातून, दातेरी रुळांवर. वरचं स्टेशन ३४५४ मीटरवर, युरोपातलं सगळ्यात उंच. गाडीतून उतरताच पटपट चालले तर डोळ्यांपुढे काजवे. तिथे हवेतला प्राणवायू आपल्या सपाटीच्या दोन तृतीयांशच मिळतो, हे मास्तरांनी आदल्या रात्री पाठ करून घेतलं होतं. बाकावर बसले, पाणी प्यायले, मग मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढते तशी सावकाश चालले. बाहेर अलेच हिमनदी. वीस किलोमीटरहून लांब, आल्प्समधली सगळ्यात लांब. मध्ये काळ्या रेघा, जशा गाडीच्या चाकोऱ्या. त्या रेघा म्हणजे मधले हिमोढ, हे मला माहीत होतं. तीस वर्षं मास्तरांच्या टिपणांना मीच रेघा मारून दिल्यात. फोटो काढून त्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, "पुस्तकात आहे तसंच आहे."

तिकीट काढायच्या आधी स्टेशनवरच्या पडद्यावर वरचं थेट चित्र दिसतं ते बघा. ढगात असेल तर पैसे टाकू नका.

पाटणादेवीच्या पोरी, तू जा.


केळीवाला रावेर | १५ ऑगस्ट, रात्री ८:४४

काकू 🙏🙏 धागा तुम्हीच काढायला हवा होता.


अस्तंभा१३२५ | १५ ऑगस्ट, रात्री ९:०२

मास्तर, गुडघ्याला तेल लावा. पण अस्तंभ्याला या तेव्हा अश्वत्थाम्याकडे मागू नका, तोच जखमेला तेल मागत फिरतोय.


बोरीकाठचा मास्तर | १५ ऑगस्ट, रात्री ९:४०

सगळं कबूल. लपवायचा विचार नव्हता, धागा लांबतोय म्हणून आटोपतं घेतलं.

(सौ. मागे उभी राहून वाचतेय. लपवायचा विचार होता.)

गुडघ्यावरून पुढच्यांसाठी सांगतो. मी तयारी केली होती, पण चुकीची. चार महिने रोज सकाळी पाच किलोमीटर सपाट रस्त्याने चालायचो आणि रविवारी एखादा चढ. चढाला दम लागतो, तो लक्षात येतो. उताराला काहीच वाटत नाही, म्हणून त्याची तयारी होत नाही. आणि पाळण्याने वर जाऊन पायी खाली यायचं म्हटलं की दिवसाचा सगळा उतार तुमच्या वाट्याला येतो, चढ लिफ्ट खाऊन टाकते. सातशे मीटरची उतरण एका दमात आपल्या भागात सहसा होत नाही. म्हणून धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला एकदा नाही, एका सकाळी दोनदा चढा-उतरा. पाठीवर पाच किलोची पिशवी घ्या.

अस्तंभा भाऊ, तुमचं पाड्यावरच्या माणसाचं म्हणणं दिवसभर डोक्यात होतं. ते खरंय, पाटी महुआ सांगत नाही. पण त्या गाईंच्या निमित्ताने एक सांगतो. तिथले गुराखी उन्हाळ्यात जनावरं घेऊन वरच्या कुरणांत जातात, तिथेच चीज करतात आणि सप्टेंबरमध्ये गाईंना फुलं बांधून खाली उतरतात. ते बघायला माणसं तिकीट काढून येतात. आपले ठेलारी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात, पावसाळ्यात परततात, तेवढंच जुनं आणि तेवढंच कष्टाचं. त्यांच्यासाठी आपण फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजवतो. मीही वाजवलाय.


शेवभाजी जळगाव | १६ ऑगस्ट, सकाळी १०:१५

काकू, एक विचारते. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहेच. त्यांना चालण्यापैकी काही जमेल का, की गाडीतच बसवायचं?


बोरीकाठची मास्तरीण | १६ ऑगस्ट, सकाळी ११:००

जमेल की. लाउटरब्रुनेनच्या दरीचा तळ सपाट आहे, धबधबे बघत हवं तेवढं चाला, पुढे बस आहेच. बाखआल्पसेची वाट रुंद आहे पण चढउतार आहे, त्यांना अर्ध्यापर्यंत न्या आणि बाकावर बसवा. वेंगेन आणि म्युरेन या गावांत मोटारीच नाहीत, माथेरानसारखं. म्युरेन १६३८ मीटरवर आहे, गावातून नुसतं फिरलं तरी समोर सगळी शिखरं. काठी आधीच घ्या. हौदावर "ट्रिंकवासर" लिहिलं असेल तर बाटली भरा, त्याच्या आधी "काइन" जोडलं असेल तर नको.

आणि त्यांच्यासाठी दशम्या दुधात भिजवू नका, साध्या करा.


पाटणादेवीची पोर | १६ ऑगस्ट, दुपारी १२:३०

तिकीट काढलं. सप्टेंबरचा तिसरा आठवडा. आईला काकूंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्या बाईंचा नंबर मिळेल का?" म्हटलं इथे नंबर देत नाहीत.

मास्तर, लळिंगला तुम्ही परत कधी जाताय? चाळीसगावहून येईन, उतरायची सवय करायला.


बोरीकाठचा मास्तर | १६ ऑगस्ट, दुपारी १:०५

येत्या रविवारी. महामार्गावर लळिंग गावात पायथ्याशी सकाळी साडेपाचला. पावसाने वाट निसरडी असेल, बूट चांगले हवेत. पाणी दोन लिटर, केळी रावेरवाले आणतीलच. मी दोन काठ्या घेऊन येतो, एक जास्तीची.


केळीवाला रावेर | १६ ऑगस्ट, दुपारी १:१२

आणतो. काकू येणार असतील तर घड आणतो.


बोरीकाठची मास्तरीण | १६ ऑगस्ट, दुपारी १:३०

येते. उतरताना पुढे मी राहीन.